हाक आणि पारख

आषाढी एकादशीस चातुर्मास बसतो. परिव्राजक संन्यासी या काळात एके ठिकाणी मुक्काम करतात आणि गृहस्थांच्या दारी वैराग्याची कथा येते. गतवर्षी याच दिवसांत रामटेकच्या गडाखाली आमचे कीर्तन झाले. आरतीनंतर एक माउली मागे थांबल्या. एकुलता एक मुलगा, शिक्षण पुरे झालेले, आणि आता म्हणतो, मी संन्यास घेणार. त्यांनी विचारले, ‘‘बुवा, ही देवाची हाक की मनाचा रुसवा, हे ओळखावे कसे?’’

ज्या दिवशी वैराग्य उपजेल त्याच दिवशी घर सोडावे, या अर्थाचे जाबालोपनिषदातील वचन सांगून आम्ही मोकळे झालो. त्या रात्री झोप लागली नाही. वचन खरे होते, परंतु विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते. वैराग्य उपजले आहे की नाही, हाच तर प्रश्न होता!

नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर फिरावयास न गेलेला नागपूरकर विरळा. त्या टेकडीला जिच्यावरून नाव मिळाले, त्या सेंट चार्ल्स सेमिनरीत कॅथलिक धर्मगुरू होऊ इच्छिणारे तरुण शिकतात. मठवासी साधूंचा मार्ग याहून निराळा. परंतु दोहोंच्या आरंभी त्या माउलीचाच प्रश्न उभा असतो. कॅथलिक परंपरेने त्याचा शतकानुशतके बारकाईने विचार केला आहे, आणि तो आपणही जाणून घेण्याजोगा आहे.

सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियमावली रचली. तिचा अठ्ठावन्नावा अध्याय नव्याने येणाऱ्याविषयी आहे. त्याला सहजासहजी आत घेऊ नये, ही पहिलीच आज्ञा! चार-पाच दिवस तो दाराशी चिकाटीने उभा राहिला, तरच प्रवेश. मग एका अनुभवी वृद्धाने त्याची पारख करावी. मार्गातील कष्ट त्याला आधीच स्पष्ट सांगावेत. दोन महिन्यांनी, पुढे सहा महिन्यांनी आणि पुन्हा चार महिन्यांनी संपूर्ण नियमावली त्याच्यापुढे वाचावी, आणि पाळणे झेपत नसेल तर त्याने मोकळेपणे परत जावे. व्रत घेतल्यावरही त्याचे घरचे कपडे जपून ठेवावेत, न जाणो, कधी जाण्याची वेळ आली तर! परतीच्या वाटेचीही ही सोय पाहून आमचे मन हेलावले.

कॅथलिक चर्चच्या १९८३ सालच्या धर्मसंहितेतही हेच धोरण दिसते. सतरा वर्षे पूर्ण झाल्यावाचून उमेदवारी नाही. ती किमान बारा महिन्यांची. त्यानंतर किमान तीन वर्षे तात्पुरती व्रते, मग आजन्म व्रते. भीतीने वा बळजबरीने आलेल्याचा प्रवेश ग्राह्य नाही. फेडता न येणारे कर्ज ज्याच्या डोक्यावर आहे, त्यालाही घेऊ नये. तीन ऋणे फेडून मगच मोक्षाकडे मन लावावे, असे सांगणाऱ्या मनूचे येथे स्मरण होते.

मनातल्या मनात पारख कशी करावी, याची खूण येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांना रुग्णशय्येवर सापडली. १५२१ साली पाम्पलोनाच्या वेढ्यात तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या शौर्याची व दरबारी वैभवाची स्वप्ने पाहताना मन रमे, पण मागाहून कोरडे पडे. संतांप्रमाणे जगण्याच्या विचाराने आलेला आनंद मात्र विचार सरल्यावरही टिके. कठोपनिषदाने केलेला श्रेय आणि प्रेय हा भेद याहून फार दूर नाही. मन उदास असताना आधीचा निश्चय बदलू नये, असेही ते सांगत.

आपल्याकडे परीक्षा नव्हती असे नाही. प्रश्नोपनिषदात सहा जिज्ञासू पिप्पलाद ऋषींकडे आले, तेव्हा ऋषींनी प्रथम त्यांना एक वर्ष तप, ब्रह्मचर्य आणि श्रद्धा आचरीत राहावयास सांगितले. परंतु ही विचारणा राहून गेली की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. विठ्ठलपंतांनी घरी पत्नी असता काशीस संन्यास घेतला. सत्य कळताच गुरूंनी त्यांना परत पाठविले, असे परंपरा सांगते. त्यापायी रुक्मिणीमातेने सोसलेला विरह आणि चार बालकांनी ‘संन्याशाची पोरे’ म्हणून भोगलेली अवहेलना आम्ही कीर्तनात रडत रडत सांगतो. ज्ञानदेव लाभले हे आपले भाग्य. म्हणून ती चूक लहान ठरत नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. मुलाच्या तोंडी वैराग्याची भाषा आली की आईबापांनी अश्रूंनी त्याला बांधू नये, आणि कौतुकाने पुढेही ढकलू नये. परीक्षेतले अपयश, मोडलेले लग्न किंवा घरातला कलह यांतून उठलेले वैराग्य स्मशानवैराग्याच्याच जातीचे. त्याला काळ द्यावा, अनुभवी माणसाच्या सहवासात ठेवावे आणि परतण्याची वाट उघडी ठेवावी.

पुढच्याच एकादशीस आम्ही त्या माउलीच्या घरी गेलो आणि आमचे आधीचे उत्तर मागे घेतले. मुलाला म्हणालो, ‘‘वर्षभर घरीच व्रतस्थ राहा. पहाटे ऊठ, आईचे काम कर, मग पुन्हा ये.’’ तो रागावला नाही, हे आम्हांस शुभचिन्ह वाटले. या आषाढीस ते वर्ष पुरे होत आले आहे. हाक खरी असेल तर ती वर्षभराने विझणार नाही. आणि ती विझली असेल, तर त्याच्या आईच्या घराचे दार उघडेच आहे.