परसातला शोषखड्डा आणि भाऊजींचा छोटा ट्रॅक्टर

मैत्रिणींनो, आजचा विषय वाचून तुम्ही म्हणाल, हिला झालंय तरी काय! लोणच्याच्या फोडी आणि मुलांचा अभ्यास सोडून ही ट्रॅक्टरवर कशी घसरली? पण ट्रॅक्टर आला तो सांडपाण्यापायी, आणि सांडपाणी म्हटलं की ते आपल्याच पदरी येतं, खरं ना?

निफाड तालुक्यात आमचं सासरचं जुनं घर आहे. आम्ही नाशिकला, मामंजी-सासूबाई आणि धाकटे भाऊजी-जाऊबाई गावी. परसात मोरी, मोरीचं पाणी उघड्यावर, आणि ते वाट काढत काढत शेजारच्या काकूंच्या भिंतीशी जाऊन साचायचं. चिखल, डास, भिंतीला ओल. दोन दिवाळ्या झाल्या, काकूंनी आमच्याकडे फराळाचं ताट पाठवलं नव्हतं. सासूबाईंना ते फार लागलं होतं. बोलायच्या नाहीत, पण ताटं लावताना त्यांचं एक ताट बाजूला काढलेलं मला दिसायचं.

उपाय सगळ्यांना ठाऊक होता, शोषखड्डा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी असे खड्डे करून उघड्या गटारी आणि डास घालवले, हे तुम्ही वाचलंही असेल. पण खणणार कोण? मजूर द्राक्षाच्या हंगामात मिळेनात. मोठा जेसीबी आमच्या बोळात शिरेना. (जेसीबी हे खरं तर एका माणसाच्या नावाची आद्याक्षरं, जोसेफ सिरिल बॅमफर्ड. त्यांनी १९५३ साली पुढे सूप आणि मागे खोदणारा हात असं यंत्र काढलं. आपल्याकडे आता पिवळं काही खणताना दिसलं की तो जेसीबीच.)

द्राक्षबागेत दोन ओळींमधून जावा म्हणून भाऊजींकडे छोटा ट्रॅक्टर आहे. गेल्या वर्षी त्यांनी आणखी दोघांबरोबर भागीत त्याला मागे जोडायचा खोदणारा हात घेतला. हत्तीची सोंड उलटी लावल्यासारखा दिसतो. चालवणारा पाठमोरा बसतो आणि दांड्यांनी तो हात हलवतो. दोन्ही बाजूंचे लोखंडी पाय आधी जमिनीवर घट्ट टेकवायचे, पुढे सूप असेल तर तेही खाली टेकवायचं, नाहीतर खणताना ट्रॅक्टरच ओढला जातो. उतारावर तर नकोच, कलंडायला वेळ लागत नाही. ही हौसेची गाडी नव्हे.

आता जागा. विहिरीपासून आम्ही साठ फुटांहून लांब गेलो. घराच्या पायापासूनही दूर. मग मी भाऊजींना म्हटलं, आधी पाणी जिरतं का ते तर बघू. कुदळीनं फूटभर खड्डा घेतला, संध्याकाळी पाणी भरलं. सकाळी बघते तो पाणी जसंच्या तसं, वर चिमणी आंघोळ करतेय! काळी माती ती, पाणी धरून ठेवणारी. अडीच फूट खाली गेल्यावर मुरूम लागला. तिथे पुन्हा पाणी ओतलं तर दुपारच्या जेवणापर्यंत खड्डा कोरडा. म्हणजे खड्डा मुरमात उतरलाच पाहिजे. ही परीक्षा फुकटची आहे, चुकवू नका. शेजारच्या वाडीत एकीनं नुसत्या काळ्या मातीत खड्डा केला, त्याचं डबकं झालं.

चार फूट लांब, चार फूट रुंद, पाच फूट खोल अशी फक्कीनं आखणी केली. शाळेत मी सहावीला घनफळ शिकवते. गणित सोपं, ८० घनफूट. पण पुस्तकात एक गोष्ट नसते. खणलेली माती फुगते, पाव हिस्सा तरी वाढते. म्हणजे शंभर घनफुटांचा ढीग ठेवायचा कुठे? आम्ही विचारच केला नव्हता. भाऊजींनी तो खड्ड्याच्या काठालाच लावला. वेळ वाचला म्हणून सगळे खूश. तासाभरात खड्डा झाला! मजुरांना दोन दिवस लागले असते.

यंत्राची बकेट कोपरे गोल ठेवते. तळ सारखा करायला मी पदर खोचला, फावडं-घमेलं घेतलं आणि शिडीनं खाली उतरले. हे म्हणाले, "राहू दे, मी करतो." मी ऐकते होय? वर ट्रॅक्टर चालूच होता, त्याची थरथर पायाला जाणवत होती. मामंजी ओट्यावर बसले होते. एकाएकी त्यांचा आवाज आला, "सूनबाई, वर ये. आधी वर ये." मामंजी एरवी मला कधी हुकूम करत नाहीत. मी घमेलं टाकून वर आले आणि विचारलं, काय झालं? त्यांनी काठीनं दाखवलं. ढिगाच्या बाजूला, काठापासून हातभर अंतरावर, बोटभर रुंद भेग. मी हात धुवायला मोरीशी गेले तोच मागे धप्प झालं. काळ्या मातीचा अख्खा पडदा खाली बसला होता. शिडी निम्मी गाडली गेली.

घनमीटरभर माती दीड टनाच्या आसपास भरते. मी उभी होते तिथे किती पडली असेल, याचं गणित मी त्या रात्री केलं आणि मग झोप आली नाही. ह्यांनी तर दोन दिवस माझ्याशी धड बोलणंच टाकलं.

म्हणून सांगते, ढीग खड्ड्यापासून निदान दोन-तीन फूट लांब हवा, आणि खड्डा जितका खोल तितका लांब असला तर उत्तम. माणूस खाली असताना यंत्र बंद. काळी माती कोरडी असताना भिंतीसारखी उभी राहते, तिच्यावर विश्वास ठेवू नका. आम्ही मग वरचा थर चहूबाजूंनी तिरका कापला आणि तळाचं काम लांब दांड्याच्या फावड्यानं काठावरून केलं. कोपरे थोडे गोल राहिले. राहिले तर राहिले.

आणखी एक, खास आपल्यासाठी. भाऊजींच्या यंत्राचा पंप ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे पीटीओवर चालतो. तो दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, सेकंदाला नऊ! मळणीयंत्रात पदर, ओढणी अडकून बायका गेल्याचं आपण ऐकतो, तेच इथेही होईल. दांड्यावर झाकण असल्याशिवाय जवळ जायचं नाही, आणि साडीत तर झाकण असूनही नाही. जाऊबाई आता भाऊजींचा जुना सदरा घालून येतात. सासूबाई बघून न बघितल्यासारखं करतात.

खड्डा भरायचं काम सोपं. खाली मोठे दगड, वर विटांचे तुकडे, मधोमध भोकं पाडलेला सिमेंटचा पाइप, वर खडी. खडीवर गोणपाट, म्हणजे वरची माती आत झिरपत नाही. मोरी आणि खड्ड्याच्या मध्ये एक छोटी टाकी हवीच, तिच्यात साबणाचा मळ, भाताची शितं आणि राख अडते. आठवड्याला ती उपसायची. ह्याचा कंटाळा केलात तर सगळी मेहनत पाण्यात. संडासाचं पाणी मात्र ह्या खड्ड्यात सोडायचं नाही, त्याची सोय वेगळी.

यंत्र दारी होतं म्हणून आंब्याचे खड्डेही घेतले, मीटरभर लांब, रुंद, खोल. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. भरताना वरच्या मातीत शेणखत मिसळून तीच मुळांना द्यायची. तिसऱ्या खड्ड्याला भाऊजींनी पिण्याच्या पाण्याची नळी फोडली! ती तिथून गेलीय हे घरात एका सासूबाईंनाच माहीत होतं, आणि त्यांना विचारलं कोणी होतं? तीन दिवस हंडे वाहिले. आता परसाचा नकाशा वहीत काढून ठेवलाय, नळी कुठे, विजेची तार कुठे, सगळं.

पावसाळा गेला, काकूंच्या भिंतीशी पाणी नाही. दिवाळीत ताट आलं, करंज्यांवर ह्यांच्या आवडीचं खसखशीचं सारण. ताट परत देताना काकूंनी सासूबाईंना हळूच विचारलं, आमच्याकडे कधी खणता?

येत्या रविवारी खणायचं ठरलंय. भाऊजी म्हणतात, वहिनी, ह्या वेळी दांडे तुम्ही धरा. मी त्यांना अट घातलीय, ढीग आधी कुठे टाकणार ते दाखवा, आणि मामंजींची खुर्ची काठाजवळ नव्हे, पण भेग दिसेल एवढ्या अंतरावर मांडा.