प्लग काढला म्हणजे वायर मेली?

इंजिनिअरिंग कॉलेजच्या मासिकात खेळण्यातल्या आगगाडीवर लेख? हसा खुशाल! पण ट्रान्सफॉर्मरच्या पोलॅरिटी टेस्टची रीडिंग्ज ज्यांनी सबमिशनच्या आदल्या रात्री शेजारच्या रूममधल्या जर्नलवरून उतरवली, त्यांनी (म्हणजे जवळजवळ सगळ्यांनीच) पुढचं वाचावं.

अमेरिकेत लायोनेलच्या गाड्यांचे शौकीन अख्खं तळघर रुळांनी भरून टाकतात. या गाड्या एसीवर धावतात. रूळ तीन. मधल्यातून सप्लाय, बाहेरचे दोन कॉमन. पसारा वाढला की एक ट्रान्सफॉर्मर पुरत नाही. मग मधला रूळ तोडून भाग पाडायचे, प्रत्येक भागाला वेगळा ट्रान्सफॉर्मर आणि सगळ्यांचं कॉमन एकत्र.

गंमत इथेच आहे. इंजिनाखाली मधल्या रुळावर टेकणारे दोन रोलर असतात, आतून एकमेकांना जोडलेले. हद्द ओलांडताना ते क्षणभर दोन ट्रान्सफॉर्मरची गाठ घालून देतात. दोन्ही 18 व्होल्टवर आणि एकाच फेजमध्ये असले तर फरक शून्य, गाडी सुळकन पार. उलटे असले तर 36 व्होल्ट, तेही रोलरमधल्या बारीकशा वायरमधून! म्हणून हे लोक आधी कॉमन जोडतात, दोन्हीकडे सारखे व्होल्ट लावतात आणि उरलेल्या दोन टोकांमध्ये मीटर धरतात. शून्याच्या जवळ आलं तर ठीक, दुप्पट आलं तर एकाचा प्लग उलटा करून लावायचा. पुस्तकातल्या आकृतीतला तो टिंब म्हणजे हेच.

आपल्याकडे मात्र नुसता प्लग फिरवून दर वेळी भागणार नाही. आपल्या इमारतींत थ्री फेज असतो. 230/12 चे दोन ट्रान्सफॉर्मर वेगवेगळ्या फेजच्या सॉकेटवर लावले तर मीटर सुमारे 21 व्होल्ट दाखवील, एक प्लग फिरवला तर 12. शून्य काही केल्या येणार नाही. का, ते फेजर काढून बघा. वायवाला याहून चांगला प्रश्न मला तरी सुचत नाही.

पण खरी भीती वेगळीच आहे. दोनपैकी एका ट्रान्सफॉर्मरचा प्लग उपटला, तरी दुसरा रुळातून त्याच्या सेकंडरीला सप्लाय देतच असतो. प्रायमरी कुठली हे ट्रान्सफॉर्मरला थोडंच कळतं! हातातल्या त्या प्लगच्या उघड्या पिनांवर अमेरिकेत 120 व्होल्ट येतात, आपल्याकडे 230 येतील.

आता लाइट गेल्यावर चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटर थेट बोर्डात खुपसणारे महाभाग आठवा. तिथेही हेच घडतं, फक्त ट्रान्सफॉर्मर खांबावरचा. तो उलटा चालून 11 हजार व्होल्टच्या बाजूला सप्लाय देऊ शकतो, आणि ‘लाइन बंद आहे’ म्हणून वर चढलेल्या वायरमनचा जीव जातो.

म्हणून सरांना विनंती: पोलॅरिटी टेस्ट ‘सोपा प्रयोग’ म्हणून पहिल्याच आठवड्यात उरकू नका. टर्मिनलवरची अक्षरं चिकटपट्टीने झाका आणि कॉमन कुठला, फेज कुठला ते पोरांना शोधू द्या. बॅकफीड मात्र तुमच्या देखरेखीखाली, तुम्हीच मीटर लावून दाखवा. 230/12 चे दोन ट्रान्सफॉर्मर, एक मीटर, एक बल्ब, एवढ्यावर भागतं. रूळ आणि गाडी मिळाली तर गॅदरिंगच्या प्रदर्शनात आम्ही मांडू!