मांडव उतरला, वेग चढला

आमच्या गल्लीच्या तोंडाशी दरवर्षी गणपतीचा मांडव पडतो. निम्मा रस्ता मांडवाखाली जातो, उरलेल्या निम्म्यातून गाड्या जातात. ते दहा दिवस मी ओट्यावर बसून बघत असतो. भडगाव रोडवरून आत वळलेली मोटारसायकल बांबूंजवळ आली की तिचा आवाज आपोआप खाली बसतो. रिक्षावाला थांबतो, समोरच्याला आधी जाऊ देतो. कुणी शिट्टी वाजवत नसतं, कुणी पावती फाडत नसतं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी बांबू निघतात आणि संध्याकाळपर्यंत तीच मोटारसायकल सुसाट जाते. यंदा शेजारची सूनबाई पोराला दंडाला धरून आत नेताना म्हणाली, "आबा, दहा दिन पोरे दारमा खेयनात."

दहा दिवस पोरं दारात खेळली, हे तिचं वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

मी तीस वर्षं एसटी चालवली. कन्नड घाटातून किती फेऱ्या झाल्या, त्याचा हिशेब नाही. 'वाहने सावकाश चालवा' ही पाटी वाचून कुणी गिअर बदलल्याचं मला आठवत नाही. गिअर बदलतो तो समोर वळण दिसतं म्हणून, कठडा जवळ येतो म्हणून. रस्ता सरळ आणि मोकळा दिसला की पाय दाबला जातोच. माझाही दाबला जायचा. गल्लीतला पोरगा वाईट असतो असं नाही, त्याला समोर मोकळं मैदान दिसतं.

ताशी ५० ने जाणारी गाडी एका सेकंदात १४ मीटर पुढे सरकते, ३० ने जाणारी ८ मीटर. पोर ओट्यावरून उतरलं हे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तेवढा सेकंद जातोच. शिवाय ५० च्या धडकेचा जोर ३० च्या धडकेच्या पावणेतीन पट असतो. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. ती सगळीच काही हायवेवर गेली नाहीत.

अपघात झाला की आपल्याकडे एकच मागणी होते: गतिरोधक टाका. मग रातोरात सिमेंटचा उंचवटा उभा राहतो. आमच्या भागातला एक मी टेपने मोजला. रुंदी दोन फूट, उंची सहा इंच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल गतिरोधक ३.७ मीटर, म्हणजे सुमारे बारा फूट रुंद असतो आणि उंची फक्त चार इंच. त्यावरून ताशी २५ ने गाडी अलगद जाते. आमच्या उंचवट्यावर मात्र बसच्या शेवटच्या सीटवरचा माणूस उडतो. गरोदर बाईला घेऊन निघालेल्या गाडीचं काय होत असेल, याचा विचार उंचवटा घालणाऱ्यांनी केलेला नसतो. आणि एकदा घातलेला उंचवटा काढायला कुणी येत नाही.

म्हणून माझं म्हणणं आहे की पक्कं बांधण्याआधी कच्चं करून बघा. मुंबईत मालाडच्या मीठ चौकीवर कोन, बॅरिकेड आणि रंगाच्या पट्ट्यांनी आधी तात्पुरता चौक आखून पाहिला गेला. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रोडचा एक भाग दिवसभर फक्त चालणाऱ्यांसाठी ठेवला होता. आपल्याला तर तेवढंही नको. वाट बंद करायची नाही, फक्त अरुंद करायची. शाळेजवळच्या एका कोपऱ्यावर दोन्ही बाजूंना वाळू भरलेली पिंपं आलटूनपालटून ठेवायची, म्हणजे गाडीला किंचित नागमोडी जावं लागेल. मधे बारा फूट मोकळे राहिले की रुग्णवाहिका जाते, अग्निशमनचा बंब जातो. पिंपांना रात्री चमकणारी पट्टी हवीच.

हे गल्लीतल्या पोरांनी परस्पर करू नये, हेही सांगतो. एका अपघातानंतर तरुणांनी रागाच्या भरात रस्त्यावर दगड आणि काट्या ओढल्या होत्या. पहाटे अंधारात दूधवाला त्यांवरच पडला. कॅन आडवे झाले, त्याचा हात मोडला. दगड ओढणाऱ्यांतच एक त्याचा भाचा होता. काम नगरपरिषदेनं आणि वाहतूक पोलिसांनीच करायला हवं, जागा मात्र तिथे राहणाऱ्यांना विचारून ठरवावी. भर उन्हात शाळा सुटते तेव्हा कुठे उभं राहणं जिवावर बेतू शकतं, हे आयांना बरोबर ठाऊक असतं.

महिनाभर ठेवा. आधी आठ दिवस आणि नंतर आठ दिवस शाळा सुटायच्या वेळी गाड्यांचा वेग मोजा. मोजणी सोपी आहे: रस्त्यावर ३० मीटर अंतरावर चुन्याच्या दोन रेघा आणि हातात घड्याळ. ते अंतर साडेतीन सेकंदांच्या आत कापणारी गाडी ताशी तिसाच्या वर आहे. दुकानदारांना अडचण झाली, तर पिंपं चार फूट सरकवा. सिमेंट सरकवता येत नाही.

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडतील. तोवर एक कोपरा निवडा. दोन रिकामी पिंपं माझ्या परसात पडून आहेत, ती घेऊन जा. चुना मी कालवतो, आणि घड्याळ घेऊन ओट्यावर बसायलाही मी तयार आहे.