गोळीनं पाय सुजतात, पण सांगायचं कुणाला?

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आमच्या बचतगटातल्या एक मावशी वाण घ्यायला पुढं आल्या आणि माझी नजर सहज त्यांच्या पायांकडं गेली. बोटं मोकळी! लग्नापासून कधी न उतरवलेली जोडवी पायात नव्हती.

"मावशी, जोडवी कुठं गेली?"

"अगं, रुतायला लागली. संध्याकाळ झाली की पाय टम्म सुजतात. साबण लावून काढली शेवटी. ती बीपीची गोळी सुरू केल्यापासनं हे चाललंय बघ."

मी गेली बारा वर्षं सांगलीत वस्त्यांमधून काम करते. आरोग्य शिबिरं भरवते, बीपी मोजायला शिकलेय. शिक्षण म्हणाल तर मराठी घेऊन बी.ए. पण दहा-वीस शिबिरं पार पाडली की आपल्यालाही डॉक्टरकीचं वारं लागतंच. मी पटकन बोलून गेले, "मग चार दिवस बंद करून बघा की!"

त्यांनी चार दिवस बंद केली. पाय उतरले. मग पुन्हा कशाला सुरू करायची? चाराचे चाळीस दिवस झाले, मग आणखी चाळीस. एप्रिलमध्ये एका सकाळी पोळ्या लाटताना त्यांच्या हातातलं लाटणं सुटलं, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून जीव वाचला. उजवा हात मात्र अजून पुरता वळत नाही.

गोळी बंद केली म्हणूनच हे झालं असं छातीठोकपणे सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या समाधानासाठी म्हटलं असावं. समाधान काही झालं नाही.

नंतर कळलं ते असं. मावशींची गोळी होती ॲम्लोडिपिन. आपल्याकडं बीपीसाठी सर्रास दिली जाणारी, स्वस्त आणि चांगली गोळी. ती रक्तवाहिन्या सैल करते, म्हणून तर दाब उतरतो. पण त्यामुळंच काहींच्या घोट्यापाशी पाणी झिरपून साठतं. डोस जेवढा जास्त, तेवढी सूज जास्त. बायकांमध्ये हा त्रास पुरुषांपेक्षा अधिक दिसतो. यावर उपाय असतात. डॉक्टर डोस कमी करतात, जोडीला दुसऱ्या गटातली गोळी देतात, नाहीतर गोळीच बदलतात. सूज हृदयामुळं किंवा किडनीमुळं तर नाही ना, हेही तपासून घेतात. म्हणजे मावशींनी फक्त एक वाक्य सांगायला हवं होतं, 'पाय सुजतात'. त्यांनी ते सांगितलंही, पण मला!

पुढच्या वर्षी माझी पाळी आली. 160/100. वय 44. मला रॅमिप्रिल सुरू झाली आणि महिन्याभरात खोकला लागला. कोरडा, घशात कुसळ अडकल्यासारखा, रात्री पाठ टेकली की हमखास येणारा. हे उशी घेऊन हॉलमध्ये झोपायला गेले. सासूबाईंनी काढे दिले, धाकट्या जावेनं जेष्ठमध आणून दिलं. दिवसभर मी जेष्ठमधाची काडी चघळायची. टीबी तर नाही ना, म्हणून छातीचा एक्सरेही झाला.

आता जे सांगतेय ते लिहावं की नाही, हा विचार दोन दिवस केला. खोकल्याची उबळ आली की लघवीचे थेंब गळायचे. दोन बाळंतपणं झालेल्या, चाळिशी ओलांडलेल्या बाईला हे नवीन नाही, पण इतकं कधी नव्हतं. मी सभांना जाणं टाळू लागले. एसटीनं प्रवास नको म्हणू लागले. जिथं तिथं 'बोला, लाजू नका' असं बायकांना बजावणारी मी, स्वतःचं मात्र दोन महिने कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांकडं गेलो तेव्हा तर ह्यांनीच माझ्या वतीनं उत्तर दिलं, "तसं काही नाही, बरी आहे ती." आणि मीही मान डोलावली!

शेवटी एकटी गेले. सगळं सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काय काय घेता?" मी म्हटलं, काही नाही, घरगुतीच. "घरगुती काय?" तेव्हा जेष्ठमध निघालं. डॉक्टर हसले नाहीत. रोज बरंच जेष्ठमध पोटात गेलं तर बीपी चढतं, म्हणाले. गोळीनं खोकला आला, खोकल्यासाठी जेष्ठमध घेतलं आणि जेष्ठमधानं गोळीचं काम बिघडवलं! गुडघेदुखीसाठी मी अधूनमधून घेत होते त्या वेदनाशामक गोळ्यांचंही तेच. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांनीही बीपी वाढू शकतं.

रॅमिप्रिल, एनलाप्रिल या गटातल्या गोळ्यांनी असा खोकला येतो, आणि तोही बायकांना जास्त. त्यावर खोकल्याच्या औषधाचा काही उपयोग नसतो. गोळी बदलणं हाच उपाय. मला टेल्मिसार्टन दिली. तीन आठवड्यांत खोकला गेला, हे परत खोलीत झोपायला आले. (आता त्यांच्या घोरण्याचा त्रास मला होतो, तो भाग वेगळा.) क्वचित कुणाचे याच रॅमिप्रिलच्या गटानं ओठ, जीभ, चेहरा सुजतो. तेव्हा मात्र 'उद्या बघू' म्हणायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा.

यानंतर मी वस्तीत बायकांना वेगळ्या रीतीनं विचारू लागले. 'गोळी घेता का?' असं विचारलं की सगळ्या 'हो' म्हणतात. 'गोळी कधी चुकते?' असं विचारलं की मग खरं काय ते बाहेर येतं. मंडईत भाजी विकणारी एक ताई म्हणाली, "ती पाण्याची गोळी घेतली की सारखं जावं लागतं. इथं जायचं कुठं? म्हणून बाजारच्या दिवशी घेतच नाही." क्लोरथॅलिडोनसारख्या गोळ्या अंगातलं जादा मीठ-पाणी लघवीवाटे काढतात, म्हणून तर त्यांना पाण्याची गोळी म्हणतात. आता हा दोष गोळीचा, की दहा-दहा तास बसणाऱ्या बायकांसाठी धड मुतारी नसलेल्या बाजाराचा? त्याच बाजारासाठी आम्ही अर्ज केलाय. तोवर डॉक्टरांनी तिची गोळी बदलून दिली.

दुसरी एक आजी, वय सत्तरीचं. अंगातलं मीठ कमी झाल्यानं ग्लानीत बोलायला लागली. घरच्यांना वाटलं वय झालं, चळ लागला. दवाखान्यात रक्त तपासलं तर सोडियम फार उतरलेलं. तीही पाण्याच्याच गोळीवर होती आणि वर कुणाच्या तरी सल्ल्यानं मीठ पूर्ण तोडलं होतं. आमच्या हरतालिकेच्या निर्जळी उपासातही अशा चक्कर येऊन पडलेल्या बायका मी पाहिल्यात. उपासाला गोळी चालते, देव रागवत नाही. निर्जळी करायचीच असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. माझं मत विचाराल तर बीपीच्या बाईनं निर्जळी करू नये.

आणि एक. 'इंग्रजी औषध नको, झाडपाल्याचं बरं, त्याला साइड इफेक्ट नसतो' असं म्हणून गोळी सोडणाऱ्या तर प्रत्येक गल्लीत आहेत. सर्पगंधा ही आपलीच वनस्पती. तिनं रक्तदाब उतरतो हे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये लिहिलं आणि जगभरात तिचा वापर सुरू झाला. अभिमानाचीच गोष्ट. पण तिच्यानंही नाक चोंदायचं, काहींना खोल उदासी यायची, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवलंय. रोग्यांनी सांगितलं म्हणूनच नोंद झाली ना?

अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांना थकवा येतो, हातपाय गार पडतात. म्हणून एका झटक्यात गोळी बंद करावी तर छातीत दुखू शकतं, हृदयावर बेतू शकतं. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवावी लागते. आणि मूल हवं असलेल्या मुलींनी तर बीपीची गोळी चालू असल्याचं डॉक्टरांच्या कानावर आधीच घालावं. रॅमिप्रिल आणि टेल्मिसार्टन या दोन्ही गटांतल्या गोळ्या गरोदरपणात बाळाला धोक्याच्या असतात.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 वर्षांवरच्या स्त्रियांत दर शंभरात 21 जणींना उच्च रक्तदाब आढळला. म्हणजे तुमच्या भिशीत वीस जणी असतील तर चौघींना असणार. त्या चौघींपैकी कुणी कुणाला पायांबद्दल, खोकल्याबद्दल, थेंबांबद्दल बोलते का, विचारून बघा.

आमच्या केंद्रावर दर गुरुवारी बीपी मोजतो. वहीत आता आकड्याशेजारी आणखी एक रकाना आखलाय, 'त्रास काय?' सूज संध्याकाळी की सकाळी, चक्कर उठताना की चालताना, खोकला कधीपासून, दुसरं काय खाता, हे त्यात लिहितो. तो कागद बाई डॉक्टरांसमोर ठेवते. लाजून तोंड उघडलं नाही तरी कागद बोलतो, आणि नवऱ्याला मधे बोलायला जागा राहत नाही! त्रास मोठा वाटला तर 1800-180-3024 या टोल-फ्री नंबरवर औषधाच्या दुष्परिणामाची नोंदही करता येते, तीही रकान्याच्या खाली लिहून ठेवलीय. आणि मी? सल्ला देणं बंद केलंय. गोळीबद्दल कुणी विचारलं की माझं उत्तर एकच, "बंद करू नका, आज नाहीतर उद्या डॉक्टरांकडं चला, मी येते बरोबर."

मावशी गुरुवारी न चुकता येतात. बदललेली गोळी त्यांना मानवलीय, जोडवी पुन्हा पायात आहेत. उजवा हात मांडीवर ठेवून डाव्या हातानं वहीची पानं उलटतात. मी त्यांच्याशी त्या 'चार दिवसां'बद्दल अजून नीट बोललेले नाही. एकदा प्रयत्न केला तर म्हणाल्या, "ते राहू दे. तू आजची गोळी घेतलीस का?"

घेतली नव्हती.