सर्पमित्राला कायद्यात जागा हवी

पावसाने जोर धरला की महाड आणि पोलादपूर तालुक्यांत दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. शेतकरी भाताच्या लावणीसाठी चिखलात उतरतो आणि बिळांत पाणी शिरल्यामुळे बाहेर पडलेले साप कोरड्या जागेच्या शोधात घराकडे वळतात. पडवीतले सरपण, पेंढ्याची उडवी, गोठ्यातला कोपरा ही त्यांची आश्रयस्थाने. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या महापुराने महाड शहर पाण्याखाली गेले. अशा पुरानंतर चिखल उपसणाऱ्या माणसाला प्रत्येक अडगळीत हात घालण्यापूर्वी दोनदा विचार करावा लागतो, हे नदीकाठच्या कोणत्याही गावाला सांगावे लागत नाही.

अशा वेळी गावकरी ज्याला हाक मारतात तो सर्पमित्र. कोणी औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करतो, कोणी रिक्षा चालवतो, कोणी महाविद्यालयात शिकतो. हातात एक काठी आणि एक पिशवी एवढ्या सामग्रीवर तो रात्री-अपरात्री निघतो, साप धरतो आणि रानात सोडून येतो. कित्येकदा त्याला पेट्रोलचे पैसेही मिळत नाहीत. त्याच्यामुळे माणूस वाचतो आणि सापही वाचतो. मात्र ज्या कायद्याचा हेतू तो पार पाडतो, त्याच कायद्यात त्याचे नाव कुठेही नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाचा अर्थ केवळ ठार मारणे असा नाही. वन्य प्राण्याला पकडणे, सापळ्यात अडकवणे, एवढेच नव्हे तर तसा प्रयत्न करणे हीदेखील शिकारच होय. अनुसूचीतील साप परवानगीवाचून पकडणारा माणूस, त्याचा हेतू कितीही निर्मळ असला तरी, शब्दशः या व्याख्येत येतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे. अजगरासारख्या पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या बाबतीत ती किमान तीन आणि कमाल सात वर्षांची आहे. याच कायद्याच्या अकराव्या कलमात स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जीवरक्षणासाठी सद्भावनेने वन्य प्राणी मारला, तर तो अपराध ठरत नाही. म्हणजे अंगणातल्या नागाला भीतीपोटी काठीने ठेचणाऱ्याला कायद्याचा आधार शोधता येतो आणि त्याच नागाला जिवंत उचलून रानात सोडणाऱ्याला वन खात्याच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागते. वन खाते बहुधा त्याला त्रास देत नाही, उलट स्वतःच त्याला बोलावते. पण दुर्लक्ष हे संरक्षण नव्हे. अधिकारी बदलला, गावात वितुष्ट आले, एखादी तक्रार झाली, की कालचा सेवक आजचा आरोपी होऊ शकतो.

सरपटणाऱ्या प्राण्यांचा छंद असणारा दुसरा एक वर्ग महानगरांत आहे. आफ्रिकेतला बॉल पायथन, अमेरिकेतला इग्वाना काचेच्या पेटीत पाळणारा हा वर्ग. त्याच्यासाठी शासनाने काय केले ते पाहण्यासारखे आहे. २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ऐच्छिक घोषणेची योजना आणली. घरातील विदेशी प्राण्याची माहिती ठरलेल्या मुदतीत दिली, तर तो कोठून आला याची कागदपत्रे मागितली जाणार नव्हती. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने कायद्यातील सहा अनुसूचींच्या चार झाल्या, आंतरराष्ट्रीय करारातील प्राण्यांसाठी स्वतंत्र प्रकरण आले आणि २०२४ मध्ये अशा प्राण्यांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित झाले. नोंदणी व्हायलाच हवी, याबद्दल दुमत नाही. प्रश्न एवढाच, की हौसेसाठी परदेशी अजगर पाळणाऱ्याकरिता कायद्यात वाट निघते, तर गावच्या जिवासाठी देशी नाग धरणाऱ्याकरिता ती का निघू नये?

हौशी पाळकांचे संघटित बळ काय करू शकते, हे अमेरिकेत दिसले. पाळीव म्हणून आणलेले ब्रह्मदेशी अजगर फ्लोरिडाच्या दलदलीत पोहोचले, तेथे वाढले आणि त्यांनी स्थानिक प्राणिसृष्टी फस्त करायला सुरुवात केली. सरकारने २०१२ मध्ये त्यांची आयात आणि राज्याराज्यांतील वाहतूक रोखली. पाळकांच्या संघटनेने न्यायालयात दाद मागितली आणि राज्याराज्यांतील सीमा ओलांडण्यावर असा सरसकट निर्बंध घालण्याचा अधिकार त्या कायद्यात नाही, असा निकाल २०१७ मध्ये मिळवला. विशेष म्हणजे त्याच वर्षी ते अजगर शोधण्यासाठी फ्लोरिडात ज्यांना पाचारण करण्यात आले, ते होते तामिळनाडूतील इरुला जमातीचे दोघे साप पकडणारे. श्रीमंत देशाच्या हौसेने निर्माण केलेला प्रश्न सोडवायला भारतातील वनवासी बांधवांचे परंपरागत ज्ञान कामी आले!

त्या इरुलांची कहाणी आपल्याला मार्ग दाखवणारी आहे. सापाच्या कातड्याच्या व्यापारावर त्यांचे पोट होते. १९७२ च्या कायद्याने आणि त्यानंतरच्या निर्यातबंदीने तो व्यापार बंद झाला, आणि ते योग्यच झाले. पण कला हाती असलेल्या माणसांना वाऱ्यावर सोडण्यात आले नाही. १९७८ मध्ये त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. परवान्याने साप पकडायचे, सर्पदंशावरील औषधासाठी विष काढायचे आणि साप पुन्हा निसर्गात सोडायचे, अशी तिची रीत. कायद्याच्या बाराव्या कलमात प्राणरक्षक औषधांसाठी विष गोळा करण्याची तरतूद आहे, तिचा हा विधायक उपयोग. वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन या दोघा इरुलांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्यांना कायदा गुन्हेगार ठरवू शकला असता, त्यांना राष्ट्राने सन्मानित केले. कायदा आणि कौशल्य यांची सांगड घातली की काय घडते, याचा हा पुरावा.

महाराष्ट्रातही अशी वाट काढण्याचा एक प्रयत्न झाला. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची नागपंचमी सर्वश्रुत आहे. न्यायालयाच्या आदेशांनंतर तेथे जिवंत नाग पकडून मिरवण्यावर निर्बंध आले आणि ग्रामस्थ वर्षानुवर्षे कायद्यातील बदलासाठी झगडत राहिले. २०२५ च्या नागपंचमीला केंद्रीय मंत्रालयाने २१ जणांना पारंपरिक ज्ञान आणि शिक्षण या हेतूने नाग पकडण्याची परवानगी दिली. नागाचे खेळ आणि प्रदर्शन मात्र वर्ज्यच राहिले. हे उचितच म्हटले पाहिजे. आपल्या परंपरेत नागपंचमी हा सापाला धरण्याचा नव्हे, त्याला न दुखावण्याचा दिवस आहे. कोकणात त्या दिवशी जमीन खणत नाहीत, विळी-सुरी चालवत नाहीत आणि हळदीच्या पानांत पातोळ्या उकडतात. श्रद्धेचा हा गाभा आणि कायद्याचा हेतू यांत विरोध नाही.

प्रश्न केवळ सापांचाही नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मृत्युमुखी पडली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. हे बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले. २०३० पर्यंत ही संख्या निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा केंद्राने मार्च २०२४ मध्ये जाहीर केला. महाडकरांना अशा लढाईचा अनुभव आहे. १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांचा अभ्यास केला, प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगापुढे मांडला आणि ज्या दंशाने माणसे दगावत, त्या दंशातून ती वाचू लागली. २०२२ च्या पद्मश्रीने त्या कार्याची दखल घेतली. खेड्यातला प्रश्न खेड्यात राहून सुटतो, हा त्या कार्याचा धडा आहे. सर्पदंशाच्या बाबतीत या साखळीची पहिली कडी सर्पमित्र आहे. रुग्णाला मांत्रिकाकडे न नेता तडक रुग्णालयात न्या, असे गावाला पटवणारा तोच असतो.

सर्पमित्रांत दोष नाहीत असे नाही. गळ्यात नाग घालून छायाचित्रे काढणारे, चित्रफितींसाठी फण्याशी खेळणारे, धरलेला साप दिवसेंदिवस डब्यात ठेवणारे आणि एकीकडचा साप दूरच्या रानात सोडून त्याला मरणाच्या दारी नेणारेही या नावाखाली वावरतात. विषाच्या चोरट्या व्यापाराची छायाही या क्षेत्रावर अधूनमधून पडते. पण हे नियमन करण्याचे कारण आहे, नियमन टाळण्याचे नव्हे. ज्याची कोठेच नोंद नाही, त्याला शिस्त कोण लावणार?

ऑगस्ट २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी सर्पमित्रांना अधिकृत ओळखपत्र आणि १० लाख रुपयांचा अपघात विमा देण्याची घोषणा केली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. सर्पदंशाने दगावलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला गोपीनाथ मुंडे सुरक्षा योजनेतून २ लाख रुपये मिळतात, पण सातबाऱ्यावर ज्याच्या घरचे नावच नाही अशा सर्पमित्राच्या पाठीमागे काहीच उरत नाही. तथापि ओळखपत्र हा कायदा नव्हे. जीवरक्षणासाठी सापाला मारणाऱ्यास जी सूट आहे, तीच सापाला वाचवण्यासाठी धरणाऱ्या नोंदणीकृत सर्पमित्रास मिळावी, अशी स्पष्ट तरतूद कायद्यात यायला हवी. तिच्यासोबत बंधनेही हवीत. वन खात्याकडून प्रशिक्षण, प्रत्येक पकडीची नोंद, ठरलेल्या वेळेत जवळच्याच अधिवासात मुक्तता आणि प्रदर्शनास पूर्ण मज्जाव. बंधन मोडणाऱ्याची नोंदणी रद्द व्हावी.

तोवर समाजाने स्वस्थ बसण्याचे कारण नाही. गणेशोत्सव मंडळे, शाळा आणि ग्रामसभा यांनी आपल्या भागातील जाणत्या सर्पमित्रांची नावे आणि जवळच्या सर्पदंश उपचार केंद्राचा पत्ता फलकावर लावावा, सर्पमित्रासाठी चांगली काठी, पिशवी आणि गमबूट यांची तरतूद करावी. आडरात्री आपल्या दारात येणाऱ्या माणसाला त्याचे घर सुखरूप परत मिळेल, एवढी हमी देणे गावालाही शक्य आहे आणि शासनालाही.