बॅटरीचा काटा खरे बोलतो का?

रहिमतपुराहून औंधला जाऊन कोणी विजेच्या सायकलीने यमाईचा डोंगर चढू लागला, तर एक गंमत पाहायला मिळण्याचा संभव आहे. चढणीवर हँडलवरचा आकडा भराभर घसरतो : पन्नास, चाळीस, पंचवीस. वर पोहोचून सायकल दहा मिनिटे सावलीत उभी केली, की तोच आकडा पुन्हा चाळिसाच्या वर गेलेला! मधल्या वेळात बॅटरीत कोणी वीज भरलेली नसते. मग ही वाढ आली कोठून?

खरे असे आहे, की हा काटा शिल्लक वीज मोजतच नाही. तो अंदाज बांधतो.

१९७२ साली आलेल्या लूनाचे बरे होते. टाकीचे झाकण उघडून आत डोकावले, की पेट्रोल किती उरले ते डोळ्यांना दिसे. लिथियम बॅटरीत तसे काही दिसत नाही. चार्जिंग होताना लिथियमचे आयन एका इलेक्ट्रोडमधून निघून दुसऱ्यात जाऊन बसतात आणि सायकल चालताना परत येतात. बाहेरून ना रंग बदलतो, ना वजनात फरक पडतो. म्हणून साधे काटे बॅटरीचे विभवांतर, म्हणजेच व्होल्टेज, पाहतात आणि त्यावरून टक्के ठरवतात.

आता घागर आठवा. गळ्यापर्यंत भरलेल्या घागरीतून पळीने पाणी काढू लागलो, तर गळ्यातली पातळी झरझर उतरते. पोटात आल्यावर कितीतरी पळ्या काढल्या तरी ती हलेना! तळाशी पुन्हा झरझर. लिथियम घटाचे व्होल्टेज साधारण असेच वागते. ३६ व्होल्टच्या बॅटरीत दहा घट एकसर जोडणीत असतात. ती पूर्ण भरली, की ४२ व्होल्ट दाखवते. निम्मी असताना सुमारे ३७. मधल्या मोठ्या टप्प्यात व्होल्टेज थोडेच बदलते, त्यामुळे तेथे छोटी चूकसुद्धा टक्क्यांत मोठी होते. लोह-फॉस्फेट जातीच्या लिथियम घटांत तर हे पोट आणखी सपाट असते.

त्यात चढणीची भर पडते. तुम्ही ओहमचा नियम शिकला आहात, तो येथे लावून पाहा. बॅटरीचा अंतर्गत रोध ०.१५ ओहम आणि चढावर १२ अँपिअर प्रवाह धरा. गुणाकार १.८ व्होल्ट. म्हणजे निम्म्या भरलेल्या बॅटरीचे ३७ व्होल्ट चढावर ३५.२ दिसतात, आणि बिचारा काटा समजतो की आता फारच थोडे उरले! प्रवाह थांबला, की व्होल्टेज पूर्ववत होऊ लागते. थंडीत आणि जुन्या बॅटरीत हा रोध वाढलेला असतो, म्हणून फसवणूकही वाढते.

चांगल्या गाड्यांत आत-बाहेर जाणारा प्रवाह सतत मोजून हिशेब ठेवतात. ही पद्धत अधिक चांगली, पण तिलाही खोड आहे. मापनात ०.१ अँपिअरची चूक असेल, तर दहा तासांत १ अँपिअर-तासाची गफलत होते. १० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा तो दहावा हिस्सा! पूर्ण चार्ज झाल्यावर हिशेब नव्याने सुरू होतो. रोज अर्धवटच चार्ज केले, तर चूक साठत जाते. शिवाय दहांपैकी एकच घट अशक्त असला, तरी तो आधी रिकामा होतो आणि संरक्षक मंडल सगळी बॅटरी बंद करते. काट्यावर वीस टक्के असले तरी.

माझी तक्रार काटा चुकतो ही नाही. अंदाज चुकणारच. तक्रार ही, की अंदाज असूनही तो ‘४३ टक्के’ असा ठाम आकडा दाखवतो. चूक दहाची असेल, तर त्या तिनाला अर्थ काय? ‘३५ ते ५०’ असे का लिहू नये? ग्राहक गोंधळेल, असे विक्रेते म्हणतील. मला ते पटत नाही. जुन्या मोटारसायकलींना रिझर्व्हची तोटी असे. ती टक्के सांगत नसे. पण इंजीन गुदमरले, की तोटी फिरवायची आणि पंप गाठायचा, हे खेड्यापाड्यांतल्या प्रत्येक चालकाला कळे. त्या तोटीवर विसंबता येई. दुपारी रहिमतपूर-सातारा रस्त्यावर जड सायकल ढकलत नेणाऱ्याला विसंबण्याजोगे काहीच उरत नाही.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. भौतिकशास्त्राच्या तासाला मापनातील त्रुटी शिकवताना फूटपट्टीबरोबर हा काटाही घ्यावा. ज्या मुलांच्या घरी अशी सायकल किंवा स्कूटर आहे, त्यांनी वही करावी : निघताना, चढावर आणि थांबून दहा मिनिटांनी दिसणारा आकडा, कापलेले अंतर, त्या दिवशीचे तापमान. चालत्या गाडीवर लिहू नका. मागे बसलेल्याला सांगा किंवा बाजूला थांबा. महिनाभराच्या नोंदींचा आलेख काढला, की आपल्या गाडीचा काटा कोठे किती थापा मारतो ते कळेल. बॅटरीची पेटी मात्र उघडू नका. आतले घट शॉर्ट झाले तर आग लागते.