एका कुलपाची गोष्ट

गेल्या दिवाळीत शिरड शहापूरला आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर बसून माझी नात मोबाइलवर कुणाशी तरी तावातावाने बोलत होती. 'कुलूप काढलंच पाहिजे, तीस वर्षं झाली त्याला' असे काहीतरी. मला वाटले, वसतिगृहाच्या खोलीचा वाद असेल. फोन ठेवल्यावर विचारले, तर म्हणाली, "आजोबा, खोलीचं नाही हो. पायथनचं."

पायथन म्हणजे संगणकाला कामे सांगायची एक भाषा. ती नांदेडला अभियांत्रिकी शिकते, तेव्हा हा शब्द घरात पूर्वीच येऊन गेला होता. पण भाषेला कुलूप असते आणि ते काढावे की ठेवावे यावर जगभरातली माणसे वर्षानुवर्षे भांडतात, हे मला नवीन होते. तीस-पस्तीस वर्षे बँकेत किल्ल्या सांभाळलेल्या माणसाला कुलपाची गोष्ट टाळता येत नाही. दिवाळीचे चार दिवस मी तिच्याकडून ती समजून घेतली, नंतर स्वतः वाचली, आणि आता वाचकांपुढे ठेवतो आहे. कारण या कुलपाचा आपल्या भागाशी संबंध आहे, आणि तो आपल्याला ठाऊकही नाही.

संबंध आधी सांगतो. आमच्याच औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याच्या परिसरात 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभी राहायची आहे. दोन तारे किंवा कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की अवकाशात जे तरंग उठतात, ते टिपणारे हे यंत्र. त्याचे दोन हात प्रत्येकी ४ किलोमीटर लांब. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. असा तरंग माणसाने पहिल्यांदा टिपला तो १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेत. गोंगाटातून तो नेमका वेचून काढण्याच्या गणिताचा पाया घालणाऱ्यांत पुण्याच्या 'आयुका'चे संजीव धुरंधर आहेत. सत्यप्रकाश यांच्यासह त्यांनी १९९१मध्ये लिहिलेला निबंध या क्षेत्रात आजही आधाराला घेतला जातो. आणि ते वेचण्याचे काम करणाऱ्या प्रणालींपैकी एक महत्त्वाची, 'पायसीबीसी', ही पायथनवर उभी आहे. म्हणजे उद्या आमच्या हळदीच्या रानांशेजारी जो तरंग पकडला जाईल, त्याचा हिशेब बहुधा याच भाषेत मांडला जाईल.

या भाषेचा जन्मही १९९१चाच म्हणायचा. ॲमस्टरडॅमच्या एका गणित-संगणक संस्थेत काम करणाऱ्या गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थाने १९८९च्या नाताळच्या सुट्टीत ती रचायला घेतली आणि फेब्रुवारी १९९१मध्ये सर्वांसाठी खुली केली. पायथन हे नाव अजगरावरून नव्हे, तर 'मॉन्टी पायथन' या इंग्रजी विनोदी मंडळींवरून घेतलेले. खुली केली याचा अर्थ नुसती फुकट दिली असा नाही. तिच्या पोटातले सगळे यंत्र कुणालाही उघडून वाचता येते, बदलता येते, चूक दिसली तर दुरुस्ती पाठवता येते.

या शेवटच्या वाक्याची किंमत मला १९९६ साली कळली. तेव्हा मी मराठवाड्यातल्या एका शाखेत अधिकारी होतो. खातेवह्या जाऊन यंत्रे नुकतीच आली होती. बचत खात्यावरच्या व्याजाचा त्या वेळचा नियम जुन्या खातेदारांना पाठ होता : महिन्याची १० तारीख ते अखेर या काळात खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचे व्याज. १० तारखेपर्यंत पैसे भरले तर तो महिना पदरात पडतो, ११ला भरले तर जातो. एका हळदवाल्या शेतकऱ्याने १० तारखेलाच १२,००० रुपये भरले होते. साडेचार टक्क्यांनी महिन्याचे ४५ रुपये व्हायला हवेत. यंत्राने शून्य दाखवले. तो माणूस भांडला नाही. काउंटरवर पासबुक ठेवून म्हणाला, "साहेब, तुमचं मशीन धा तारीख धरंना गेलं."

मी कागदावर हिशेब केला. तो बरोबर होता, यंत्र चूक होते. मग इतर खाती तपासली. १० तारखेला पैसे भरलेला प्रत्येक जण नागवला गेला होता. कुठेतरी 'दहापर्यंत'च्या जागी 'दहाच्या आत' असे लिहिले गेले असणार, एवढे मलाही समजत होते. ज्यांनी ते यंत्र पुरवले त्यांच्या माणसाला मी म्हणालो, आतले ते वाक्य मला दाखवा. तो म्हणाला, आतले दाखवता येत नाही, ती कंपनीची मालमत्ता आहे. दुरुस्ती यायला अकरा महिने लागले. तोवर मी दर सहामाहीला रात्री बसून हाताने व्याज काढले. एका चिन्हाची चूक, आणि ती पाहण्याचा हक्क ना मला, ना त्या शेतकऱ्याला, ज्याचे ४५ रुपये होते.

आता कुलूप. नातीने ते मला समजावले आणि मी ते तिला बँकेच्या भाषेत परत समजावले, त्यात आमचे दोघांचेही भले झाले. पायथन संगणकाच्या स्मृतीतल्या प्रत्येक वस्तूवर एक आकडा ठेवते : ही वस्तू सध्या कितीजण धरून आहेत. कुणी धरले की एक वाढवायचा, सोडले की एक कमी करायचा. शून्य झाला की ती जागा मोकळी. तारण म्हणून ठेवलेल्या ठेवपावतीवर किती बोजे आहेत ते आम्ही असेच मोजत असू. शेवटचा बोजा उतरल्याशिवाय पावती हातातून सुटत नसे. पण दोन कारकुनांनी एकाच क्षणी तोच आकडा वाचला आणि दोघांनी एकेक वाढवला तर? पाचाचे सात व्हायचे ते सहाच होतील. पुढे कधीतरी अजून कुणाच्या हातात असलेली वस्तू मोकळी केली जाईल आणि सगळाच डोलारा कोसळेल. यावर गिडोंनी सोपा उपाय केला. सबंध शाखेला एकच किल्ली. जिच्या हाती किल्ली ती कामाची साखळी चालेल, बाकीच्यांनी थांबायचे. एकाच कारकुनाच्या शाखेत याने काही बिघडत नव्हते, कारण तेव्हाच्या घरगुती संगणकाला मेंदूच एक होता.

पुढे एकाच चिपमध्ये दोन, चार, आठ, सोळा मेंदू आले आणि कुलूप तसेच राहिले. आठ काउंटर, आठ कारकून आणि खतावणी एक.

काढायचे प्रयत्न जुने आहेत. १९९०च्या दशकातच ग्रेग स्टाइन यांनी करून पाहिले. कुलूप गेले, पण एकट्याने चालणारे साधे काम फार मंद झाले. २००७ साली गिडोंनी अट घातली : साधे काम मंद होणार नसेल तरच असा बदल आणा. ही अट मला फार आवडते. चार काउंटर असलेल्या शहरी शाखेच्या सोयीसाठी खेड्यातल्या एक-माणसी शाखेचे काम मंद करू नका, असा तिचा अर्थ.

मग २०२३च्या जानेवारीत सॅम ग्रॉस यांचा 'पेप ७०३' या क्रमांकाचा प्रस्ताव आला. त्यातली युक्ती वाचून मी खूश झालो, कारण ती आमच्या आंतरशाखा मेळाची आहे. वस्तू जिने निर्माण केली त्या साखळीने आपला आकडा आपल्या रकान्यात झटपट मांडायचा. इतरांनी वेगळ्या रकान्यात, जरा सावकाश आणि जपून. वेळ आली की दोन्हींचा मेळ घालायचा. शिवाय काही वस्तू कधीच नाहीशा व्हायच्या नसतात, त्यांची मोजदादच सोडून द्यायची. शाखेच्या भिंतीवरचे घड्याळ काही आम्ही रोज मोजत नव्हतो.

हा निर्णय घेतला कुणी, ही मला युक्तीपेक्षा मोठी गोष्ट वाटते. २०१८पर्यंत शेवटचा शब्द गिडोंचा असे. त्यांना थट्टेने 'तहहयात परोपकारी हुकूमशहा' म्हणत. त्या वर्षी एका चिन्हावरून, वाक्याच्या मध्येच एखाद्या नावाला किंमत द्यायची मुभा असावी की नसावी यावरून, इतके कडवट भांडण झाले की प्रस्ताव मंजूर करून जुलैमध्ये त्यांनी पद सोडले. वारस नेमला नाही. तुमचे तुम्ही ठरवा, म्हणाले. आपल्याकडे साध्या पतसंस्थेचा संस्थापक असे करत नाही. मग त्या मंडळींनी मतदान करून पाचजणांचे सुकाणू मंडळ आणले आणि एक नियम घातला : एकाच मालकाकडे नोकरी करणारे दोनपेक्षा जास्त लोक त्यात नसावेत. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन माणसांकडे का असतात, हे ज्याला माहीत आहे त्याला या नियमाचे मोल वेगळे सांगायला नको.

या मंडळाने ऑक्टोबर २०२३मध्ये प्रस्ताव स्वीकारला, पण तीन टप्प्यांत. आधी नुसता प्रयोग, मग अधिकृत पण ऐच्छिक, आणि शेवटी सर्वांसाठी तेच. काही बिघडले तर मागे फिरायची मोकळीक ठेवून. ऑक्टोबर २०२४च्या ३.१३ या आवृत्तीत प्रयोग आला. कुलूप नसलेला पायथन एकट्याच्या कामात सुमारे ४० टक्के मंद होता. ऑक्टोबर २०२५च्या ३.१४मध्ये ही तूट ५ ते १० टक्क्यांवर आली आणि दुसरा टप्पा सुरू झाला. तिसरा बाकी आहे.

एवढी सावधगिरी कशासाठी, तर आधी एकदा हात पोळले आहेत. २००८च्या डिसेंबरात पायथनची तिसरी आवृत्ती आली ती जुन्याशी फारकत घेऊन. जुन्यात ७ला २ने भागले की ३ येत, वरचा अर्धा गडप, नव्यात साडेतीन. बँकेच्या माणसाला विचाराल तर ही सुधारणा फार आधी व्हायला हवी होती. नव्यात सर्व लिप्यांना समान स्थान मिळाले. आता मुद्दल, दर, मुदत अशी देवनागरी नावे देऊन व्याजाचे सूत्र लिहिता येते. (तरी 'हिंगोली' या तीन अक्षरी शब्दाची लांबी विचारा, यंत्र सात सांगते, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ते सुटे मोजते.) पण जुने लिहिलेले नव्यात चालेना. दोन्ही भाषा शेजारी-शेजारी बारा वर्षे नांदल्या. जुनीचा सांभाळ २०२० साली थांबवला.

मला आमचे वडील आठवले. ते मास्तर होते. मराठीच्या शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ साली आले, १९७२ साली त्यांत आणखी चार घातले गेले, पण वडिलांनी आपले न उच्चारले जाणारे अनुस्वार शेवटपर्यंत सोडले नाहीत. त्यांची पत्रे आजही नातवंडे वाचतात, ठिपके पाहून हसतात आणि पुढे जातात. यंत्राला असे हसून पुढे जाता येत नाही. एक कंस चुकला की ते जागीच थांबते.

या वादात माझे आणि नातीचे मत जुळत नाही. तिच्या मते कुलूप लवकर जावे, तिच्या साध्या लॅपटॉपलाही चार मेंदू आहेत. माझे म्हणणे, आज ही घाई सर्वांत जास्त कुणाला आहे ते पाहा. कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रचंड यंत्रे चालवणाऱ्यांना. ग्रॉस हे मेटा या कंपनीचे, आणि या कामासाठी आपल्या अभियंत्यांची तीन वर्षांएवढी मेहनत देण्याचे वचनही त्याच कंपनीने दिले होते. त्यात वावगे काही नाही. कुणीतरी पगार दिल्याशिवाय असली कामे होत नाहीत. पण पगार देणाऱ्याचा हात कधीही आखडतो. मायक्रोसॉफ्टने पायथन वेगवान करण्यासाठी वेगळा गट पोसला होता, त्यात गिडो स्वतः होते. मे २०२५मध्ये कंपनीने नोकरकपात केली तेव्हा त्या गटातल्यांनाही घरी जावे लागले. म्हणून माझा आग्रह, तिसरा टप्पा घाईने येऊ नये. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या जुन्या संगणकावर पहिला कार्यक्रम लिहिणाऱ्या पोराचे ५ टक्के हेही ५ टक्केच असतात. हळदवाल्याचे ४५ रुपये होते तसेच.

"पण आजोबा, हे तुम्ही तिथं जाऊन म्हणू शकता," नात म्हणाली. "कुणीही म्हणू शकतं. वाचावं लागतं फक्त आधी."

तिथेच आपली अडचण आहे. आमच्या मराठवाड्यातली हजारो पोरे ही भाषा वापरतात. तिच्या आत डोकावणारी किती, हा प्रश्न मी नांदेडच्या आणि संभाजीनगरच्या विद्यापीठांतल्या प्राध्यापकांना जाहीरपणे विचारतो. परीक्षेपुरते पाठ करून घेणे पुरे झाले. एखादे सत्र असे ठेवा की ज्यात विद्यार्थ्याने त्या यंत्राचे पोट उघडून एक तरी पान वाचले पाहिजे, त्यातली एक चूक शोधली पाहिजे, निदान एक प्रश्न तिथे विचारला पाहिजे. यासाठी इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. दुधाळ्याला वेधशाळा झाल्यावर आपली पोरे तिथे कोणत्या कामाला लागणार, फाटकावर की आत, हेही बरेचसे यावर ठरेल.

भाऊबीजेच्या संध्याकाळी मी नातीला १९९६चा तो नियम सांगितला आणि म्हणालो, मांड. तिने सूत्र मराठी नावे देऊन लिहिले. पैशाचा हिशेब साध्या अपूर्णांकांत करायचा नाही, यंत्र त्यात बारीक चूक करते, त्यासाठी दशमानाची वेगळी सोय आहे, हे मला जाता जाता शिकवले. मग १२,००० भरले, तारीख १०. उत्तर आले शून्य.

"थांबा," ती म्हणाली, "दहा तारीख धरायची का सोडायची?"

"धरायची," मी म्हणालो. तिने एक चिन्ह बदलले.